राजहंसाचं दहा दिवसांचं पिल्लू लंगडतंय, नीट खात नाही. काय करावं?

नवी मुंबईच्या घणसोलीतला पावसाळा म्हटलं की ओल आलीच. आधी पिल्लू वेगळं करा, कोरड्या खोक्यात दिव्याखाली ठेवा. २९ अंशांच्या आसपास ऊब पुरे. दिव्यापासून लांब पळालं तर गरम होतंय.

कोंबडीच्या पिल्लांचंच खाद्य देताय ना? राजहंसाला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, त्याहून जास्त लागतं. कमी पडलं की पाय वाकतात. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पावडर) मिसळा, बऱ्याचदा फरक पडतो.

पण चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, तर खाली अंथरलेल्या ओल्या तुसातली बुरशी फुफ्फुसात गेल्याची शंका घ्या. मी असाच दोन दिवस वाट बघत बसलो होतो, पिल्लू गेलं. तुम्ही आजच पशुवैद्याकडे न्या. मनानं अँटिबायोटिक नको.