वजन उतरलं, गाल ओघळले. मग ऑपरेशन कधी?

"एवढ्या मेहनतीनं वजन कमी केलं, पण चेहराच म्हातारा दिसायला लागला. ऑपरेशन करून घेऊ का? आणि करायचं तर केव्हा?" यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी बसून मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न आता माझ्याकडेही येतो. वजन कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं, मुंजारो आणि वेगोव्ही, 2025 मध्ये भारतात आली. त्याआधीपासूनच मधुमेहामुळे डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भात सोडलेल्या, पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या बाया आमच्या गावोगावी दिसू लागल्या होत्या. पोट उतरतं, गुडघे हलके होतात, शुगर आटोक्यात येते. आरसा मात्र वेगळंच सांगतो.

मंदाताई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) संक्रांतीनंतर आल्या. वय सत्तेचाळीस. गावात किराणा दुकान, चार एकर शेती, बचत गटाच्या त्या सचिव. 94 किलोंवरून 71 किलोंवर आलेल्या. सुरुवातीला चालणं आणि जेवणातला बदल, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं इंजेक्शन. डोळ्यांखाली खोलगट, गाल बसलेले, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी लोंबलेली. लेकीचं लग्न वैशाखात. नागपुरातल्या एका सेंटरवाल्यांनी फोनवर चेहऱ्याच्या ऑपरेशनचं पॅकेज सांगितलं होतं, आणि महिनाअखेर आगाऊ रक्कम भरली तर सूट.

"मॅडम, मले इतकंच सांगा, लग्नाच्या आंधी होते का नाई? बचत गटातून पैसे काढाचे हायेत, गटाले सांगा लागते."

मी आधी त्यांना विचारलं की वजन अजून उतरतंय का. "हो, मागच्या महिन्यात दोन किलो गेलं." यावरच पुढचं सगळं अवलंबून होतं.

चेहऱ्यावर दोन गोष्टी घडतात. गाल, कानशिलं, डोळ्यांखालची जागा भरलेली दिसते ती आतल्या चरबीच्या गाद्यांमुळे. वजन उतरलं की त्या गाद्या पातळ होतात. कोणती आधी जाईल ते आपल्या हातात नसतं. दुसरी गोष्ट कातडीची. वर्षानुवर्षं ताणलेली कातडी पंचविशीत बरीचशी आखडते, चाळिशीनंतर कमी. त्यात उन्हात काम केलेल्या कातडीची लवचीकता आधीच गेलेली असते, आणि आमच्याकडे निंदण, वेचणी, चुलीपुढचं काम करणाऱ्या कोणत्या बाईनं ऊन टाळलंय? आतून चरबी कमी आणि वरून कातडी जास्त, म्हणून चेहरा ओघळतो. फेसलिफ्टमध्ये सर्जन कानाजवळून चीर देऊन कातडी आणि तिच्याखालचा थर उचलून ताणतो, जास्तीची कातडी कापतो. गाल भरायचे असतील तर पोटाची किंवा मांडीची चरबी काढून तिथे भरतात. हे माप त्या दिवशीच्या चेहऱ्याचं असतं. नंतर आणखी आठ-दहा किलो गेले तर ताणलेलं पुन्हा सैल पडू शकतं. भरलेली चरबीसुद्धा शरीराचीच असते, वजन उतरलं तर आटते, वाढलं तर फुगते. म्हणून बहुतेक सर्जन वजन ठरल्या ठिकाणी येऊन साधारण सहा महिने स्थिर राहिलं की मगच हात लावतात. दोन किलो इकडे-तिकडे प्रत्येकाचेच होतात, त्याची काळजी नसते. वजन उतरवण्यासाठी पोटाची बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन 12 ते 18 महिने उतरतच राहतं, त्यांना अजून जास्त थांबावं लागतं.

मंदाताई दोन वर्षांपूर्वी घरकुल बांधून बसलेल्या. त्यांनीच म्हटलं, "म्हणजे ओल्या पलस्तरवर रंग मारल्यावानी. फुगून निंगते." मी होकार दिला आणि पुढे समजावायची गरजच उरली नाही.

इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी नेहमी वेगळी काढून बोलते. औषध चालू असताना वजन स्थिर असणं आणि औषध बंद झाल्यावर स्थिर असणं, यात फरक आहे. बंद केल्यावर अनेकांचं वजन परत चढतं. तेव्हा पुढची दोन-चार वर्षं आपण कसं जेवणार, इंजेक्शन चालू ठेवणार की नाही, परवडेल की नाही, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्या जगण्यात जे वजन टिकतं ते स्थिर वजन. आणि कुठलीही शस्त्रक्रिया असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाबद्दल सांगायलाच हवं. या औषधानं जेवण पोटात जास्त वेळ राहतं, भूल देताना ते वर येऊन फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील, मनानं बंद करू नका.

लग्नाचं गणित तर त्याआधीच चुकत होतं. फेसलिफ्टनंतर सूज आणि काळेनिळे डाग दोन-तीन आठवडे सहज राहतात, चेहरा पूर्ण बसायला कित्येक महिने लागतात, कानाजवळची बधिरता लवकर जात नाही. रक्त साकळण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त, म्हणजे तेवढे दिवस नागपुरातच मुक्काम हवा. मग टाके काढायला फेरी. यवतमाळवरून नागपूर दीडशे किलोमीटर, त्यांच्या गावाहून त्यापेक्षा जास्त. वाकणं, उचलणं काही आठवडे बंद. लेकीच्या लग्नाच्या महिन्यात कुठली आई हे पाळेल? वर चैत्र-वैशाखातलं आमचं 43-44 अंशांचं ऊन. ताज्या व्रणावर ऊन लागलं की आपल्या सावळ्या कातडीवर काळा डाग धरतो. विदर्भात अशी शस्त्रक्रिया करायचीच असेल तर मी हिवाळाच सुचवीन. तोही कापसाची वेचणी कुणावर सोपवता येईल ते बघून.

पहिल्या भेटीत हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या भेटीत मात्र रडल्या, आणि माझ्या दृष्टीनं खरं काम तिथून सुरू झालं.

"वजन उतरलं त लोकं खुश व्हायले पायजे होते ना मॅडम? जो तो इचारते, काऊन इतकी वाळली वं? रोग तं नाई लागला? टीबी तं नाई?" मी त्यांना आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं होतं की चेहऱ्याबद्दल कोण काय बोललं आणि त्या वेळी मनात काय आलं. वहीत शेजारीण होती, दुकानातलं गिऱ्हाईक होतं, जाऊ होती. आणि एका पानावर कुणाचंच नाव नव्हतं, फक्त इतकं लिहिलं होतं: आरशात माय दिसली.

त्यांची आई शेवटचं वर्ष आजारात खंगत गेली. तेव्हाचे बसलेले गाल मंदाताईंनी रोज पाहिले, चमच्यानं पेज पाजली. आता तसेच गाल स्वतःच्या चेहऱ्यावर आले होते. आपणही जातोय की काय, ही भीती त्यांना रोज सकाळी वेणी घालताना व्हायची, आणि ती भीती त्या कातडीवर ढकलत होत्या. कातडी ताणून ती गेली असती का, मला शंका आहे. आईबद्दल आम्ही तीन-चार भेटी बोललो. त्यात ऑपरेशनचा विषय फारसा निघालाच नाही.

भीतीला आधार आहे का हेही बघायचं होतं. वजन आपण कमी करतोय की आपोआप जातंय, हे मी प्रत्येकाला विचारते. जेवण तेच, चालणं तेच आणि वजन घसरतंय असं असेल तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी. बेताल शुगर, थायरॉइड, क्षयरोग, आणखीही कारणं असतात. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. मंदाताईंच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रोग निघाला नाही. शुगरही चांगली होती. निघालं ते हिमोग्लोबिन, साडेनऊ. बाईचं बारा तरी हवं.

कारण ताटात होतं. वजनाच्या धास्तीनं त्या सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकर, रात्री ज्वारीची एक भाकर आणि पालेभाजी यावर आल्या होत्या. वरण बंद, अंडी बंद. जखम भरायला प्रथिनं लागतात, लोह लागतं. उपाशी शरीराची चीर नीट भरत नाही, आणि प्रथिनांशिवाय उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. केस गळतायत ही त्यांची वेगळी तक्रार होती, तीही बरीचशी यातूनच. वजन झपाट्यानं उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, खाणं सुधारल्यावर हळूहळू परत येतात. आहारतज्ज्ञ बाईंनी मूत्रपिंडाचा अहवाल पाहून दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं धरली: तुरीचं घट्ट वरण, झुणका, बरबटी (चवळी), मोड आलेले मूग, दही, दोन अंडी. आम्ही सोयाबीन पोत्यांनी पिकवतो आणि सगळंच्या सगळं बाजार समितीत नेऊन टाकतो, ताटात कधी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट त्या सांगत नव्हत्या. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. आमच्याकडे बाया खर्रा खातात, लपून खातात, आणि समुपदेशकानं नजर न रोखता, आवाज न बदलता विचारलं तरच कबूल करतात. मंदाताईंनी तो भूक मारायला धरला होता, दिवसाला दोन पुड्या. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. फेसलिफ्टमध्ये कातडी खालच्या थरापासून सोडवलेली असते, तिचा जीव त्या बारीक वाहिन्यांवरच असतो. रक्त कमी पोचलं तर कानामागची कातडी काळी पडून मरते, मोठा व्रण राहतो. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू पूर्ण बंद, अशी अट सर्जन घालतात. शिवाय सुपारीनं तोंड आखडतं. आपली तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दंतवैद्यांना दाखवावं, भूल देण्यालाही ते अडचणीचं असतं. "ऑपरेशन करा का नका करू, हे सोडाच लागीन," त्या म्हणाल्या. सोडायला चार महिने लागले, मध्ये एकदा परत सुरूही झाला.

सगळ्यांना थांबा म्हणते असं नाही. नाकाच्या हाडाची शस्त्रक्रिया वजनावर फारशी अवलंबून नसते. उलट पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आली होती, भरलेले गाल काढायचे होते तिला. तोंडाच्या आतून गालाची चरबी काढतात ती परत येत नाही. वर्षभर धावून चेहरा आपोआप उतरणार, वय वाढेल तसा आणखी बसणार. विशीत आधीच पोकळ केलेले गाल तिशी-चाळिशीत फार ओढलेले दिसू शकतात. तिनं विषय सोडून दिला.

बसलेले गाल भरायला पार्लरमध्ये मिळणाऱ्या फिलरच्या इंजेक्शनाविषयी माझं मत कडक आहे. रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ते डॉक्टरच्याच हातून घ्यायचं. शस्त्रक्रियेसाठी प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. (आता डीआरएनबी) पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या ठिकाणाहून उठा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, तिथे सल्ला घेता येतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा सहसा देत नाही, आणि हा खर्च लाखांत जातो. त्यासाठी बचत गटाचं कर्ज काढू नये, हे मी मंदाताईंना स्पष्ट सांगितलं. सूट महिनाअखेर संपते म्हणून कुणी चेहऱ्यावर चीर देण्याचं ठरवू नये, हेही.

त्यांनी आगाऊ रक्कम भरली नाही. लग्न झालं. फोटोत चेहरा कसा आला ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं की हळदीच्या फोटोत बरी दिसते, स्टेजवरच्यात थकलेली. जूनपासून वजन 66 ते 67 मध्ये थांबलंय. हिमोग्लोबिन 11.8. वजन थांबल्यावर आणि खाणं सुधारल्यावर गाल थोडे भरले, डोळ्यांखालची पोकळी कमी झाली. मानेची कातडी होती तशीच आहे, ती आपोआप जाणार नाही हे त्यांना कळलंय. आता त्या म्हणतात पूर्ण चेहरा नको, जमलं तर फक्त मान. दिवाळीनंतर नागपूरला सर्जनला दाखवायचं ठरलंय, पैसे कापसाचे, गटाचे नाहीत. सोबत कोण जाणार यावर नवऱ्याशी बोलणं चालू आहे. त्यालाही खर्रा सोडायचाय म्हणून पुढच्या मंगळवारी दोघांना एकत्र बोलावलंय.