बंबातले पाणी किती वेळ पुरते?

प्रश्न : आमच्या गल्लीतील दुकानाला आग लागली, तेव्हा बंब आल्याआल्या काही जवान जवळपास पाणी कुठे आहे याची चौकशी करू लागले. बंब भरलेला नसतो का? त्याच्या कप्प्यांत काय असते? आणि ऑक्सिजनचे सिलिंडर पाठीवर घेऊन आगीत शिरणे धोक्याचे नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बंब भरूनच निघतो, पण ते पाणी फार वेळ पुरत नाही. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या बंबाच्या टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. एका मोठ्या नोझलमधून मिनिटाला ४५० लिटरच्या आसपास पाणी जात असेल, तर दहा मिनिटांत टाकी रिकामी होते. दोन फवारे लावले तर पाचच मिनिटांत. त्यामुळे पाण्याची चौकशी आग विझवण्याइतकीच तातडीची असते, आणि तुम्ही पाहिलेले जवान आपले कामच करत होते.

कप्प्यांतील बरेचसे साहित्य याच पाण्यासाठी असते. जाड, ताठ सक्शन पाइप विहिरीत किंवा तळ्यात सोडतात. पंप पाणी ओढू लागला की साधा कापडी पाइप चिमटून बसेल, म्हणून तो असा कडक केलेला असतो, आणि गाळ आत जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला जाळी असते. मात्र पाणी पंपापासून सुमारे सात मीटरपेक्षा खोल असेल, तर पंप कितीही दमदार असला तरी ते वर येत नाही. आगीकडे नेण्याचे पाइप मात्र चपटे असतात आणि त्यांच्या गुंडाळ्या रचून ठेवतात. त्यांच्या पितळी तोंडांना आटे नसतात: एक टोक दुसऱ्यात दाबले की ‘खट्’ आवाज होऊन जोड बसतो. धुरात, ओल्या हातमोज्यांनी, आटे फिरवत बसायला वेळ कुणाला असतो?

याखेरीज शिडी, दोर, कुऱ्हाड, शटर कापण्याची अवजारे आणि फोमचे कॅन असतात. पेट्रोल पाण्यावर तरंगत जळत राहते, म्हणून तेथे फोमचा थर लागतो.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. ऑक्सिजनने आग आणखी भडकली असती. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा बसते आणि मिनिटाला ४० लिटर धरली तर ती ४५ मिनिटे पुरते. पण जिने चढताना, माणूस उचलताना श्वास वाढतो आणि हे गणित कोलमडते. म्हणून आत जाणाऱ्या जवानाचे नाव, वेळ आणि सिलिंडरमधला दाब बाहेर एका फळ्यावर लिहितात. हवा संपत आली की शिट्टी वाजते, पण फळ्याजवळचा सहकारी तिची वाट पाहत नाही. वेळ मोजून तो आधीच त्याला बाहेर बोलावतो.