वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती घरात वाढदिवस साजरा करावा का?

प्रश्न : माझ्या मुलाला पुढील महिन्यात दहा वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही दरवर्षी घरच्या घरी केक कापून प्रार्थना करतो. यंदा माझ्या नणंदेने मुलासमोरच सांगितले, की पवित्र शास्त्रात वाढदिवस केवळ इजिप्तचा फारो आणि गालीलचा हेरोद या दोन दुष्ट राजांनीच साजरे केले, दोन्ही वेळा माणसे मारली गेली, म्हणून ख्रिस्ती माणसाने हा दिवस पाळणे पाप आहे. सासूबाईंना मात्र नातवाचे औक्षण करायचे आहे. मुलगा गोंधळून गेला आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, आपण वाढदिवस जरूर साजरा करावा. मात्र नणंदबाईंनी ज्या वचनांचा आधार घेतला ती खरोखरच शास्त्रात असल्यामुळे, त्यांचे म्हणणे झटकून न टाकता आधी तीच वचने नीट वाचू.

उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायात फारोने आपल्या वाढदिवशी सर्व सेवकांना मेजवानी दिली, तुरुंगात टाकलेल्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला, त्याच्या कामावर परत घेतले आणि आचाऱ्याला फाशी दिले. आचाऱ्याच्या मृत्यूवरून तो दिवसच अशुभ ठरवायचा असेल, तर त्याच दिवशी प्यालेबरदार तुरुंगातून सुटला याचे काय करायचे? आणि पुढे, त्याच तुरुंगात असलेल्या योसेफाची आठवण फारोला करून दिली ती याच सुटलेल्या माणसाने. शास्त्रलेखकाने त्या दिवसाबद्दल बरे-वाईट काहीच म्हटलेले नाही.

हेरोदाची गोष्ट अधिक भयंकर आहे आणि ती मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सावकाश वाचण्यासारखी आहे. हेरोदाने भावाची बायको ठेवली होती, हे योग्य नाही असे बाप्तिस्मा करणारा योहान हा संदेष्टा त्याच्या तोंडावर सांगत होता आणि त्यासाठी तो आधीच तुरुंगात पडला होता. ती बायको, हेरोदिया, मनात डाव धरून संधीची वाट पाहत होती. मेजवानीला सरदार, सेनाधिकारी आणि गालीलातील बडी मंडळी जमली, हेरोदियेच्या मुलीचे नृत्य झाले, हेरोद खूश झाला आणि मागशील ते, अर्धे राज्यसुद्धा देईन, अशी शपथ घेऊन बसला. तिने योहानाचे शिर तबकात मागितले, तेव्हा त्याला फार वाईट वाटले असे मार्क स्पष्ट लिहितो. तरीही भरपंक्तीत दिलेला शब्द मागे घेतला तर पाहुणे काय म्हणतील, या एका भीतीपोटी त्याने शिपायाला पाठवले. तेव्हा योहानाचा जीव घेतला तो जुन्या वैराने आणि चारचौघांत मोठेपणा राखण्याच्या हट्टाने. वाढदिवस हे केवळ निमित्त झाले. राजांच्या मेजवानीत अधर्म घडला म्हणून मेजवानीच वर्ज्य म्हणायची, तर दानिएलाच्या पुस्तकातील, मंदिराच्या पवित्र पात्रांतून मद्य पिणाऱ्या बेलशस्सर राजाच्या मेजवानीमुळे आपल्याला लग्नाची पंगतही बंद करावी लागेल, आणि प्रभू येशू तर काना गावच्या लग्नाला स्वतः गेला होता.

तरीही नणंदबाईंचे मत आजकालचे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो, की मुलांच्या जन्मानिमित्त उत्सव करून अति मद्यपानाला वाव देण्याची परवानगी आपले नियमशास्त्र देत नाही. तिसऱ्या शतकातील थोर ख्रिस्ती विद्वान ओरिजेन यानेही लेवीय पुस्तकावरील प्रवचनात, जन्मदिवसाचा आनंद पापी लोक करतात, संत करत नाहीत, असे म्हणून याच फारो-हेरोदाची उदाहरणे दिली आहेत. आजही यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक वाढदिवस पाळत नाहीत. आरंभीच्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समाजाला, हुतात्म्याचा मृत्युदिन हाच त्याचा खरा जन्मदिन वाटे. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथे तेथील बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाल्यावर तेथील मंडळीने दरवर्षी त्या दिवशी आनंदाने एकत्र जमण्याचा निश्चय केला होता. रोमी जगात सम्राटांच्या जन्मदिवशी यज्ञबळी होत आणि त्यात भाग न घेणाऱ्यांवर छळाची वेळ येई, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिढ्यांचा कडकपणा समजतो आणि त्याबद्दल आदरही वाटतो. पुढे काळ बदलला. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म पाळल्याची नोंद रोममध्ये चौथ्या शतकात मिळते, आणि जन्मदिवसाला विन्मुख असलेल्या त्याच मंडळीने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन २४ जूनला पाळण्यास सुरुवात केली. योहानाच्या जन्माने पुष्कळांना हर्ष होईल, हे तर देवदूतानेच त्याचा पिता जखऱ्या याला सांगितले होते. ज्याचा मृत्यू हेरोदाच्या वाढदिवशी झाला त्याच संदेष्ट्याचा जन्म मंडळीने आनंदाने आठवावा, हे मला फार बोलके वाटते.

केक आणि मेणबत्त्या मूर्तिपूजकांकडून आल्या, असेही पुष्कळदा ऐकू येते. वयाइतक्या मेणबत्त्या लावलेल्या केकच्या जुन्या वर्णनांपैकी एक १७४६ सालचे, जर्मनीतील आहे. आणि तो वाढदिवस होता मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीचे पुढारी काउंट झिंझेनडॉर्फ यांचा, ज्यांच्या मंडळीने १७३२ पासून दूरदूरच्या देशांत मिशनरी पाठवले. एवढ्यावरून केक पवित्र ठरत नाही, पण तो विटाळही ठरत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न दिवसाचा नसून त्या दिवशी आपण कोणाला मोठे करतो आणि कोणाला जेवू घालतो, याचा आहे. सांगली-साताऱ्याच्या चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, मध्यरात्री रस्त्यात तलवारीने केक कापले जातात, आणि आपल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्येही आता हॉल, डीजे आणि परतीच्या भेटवस्तू यांसाठी पतसंस्थेचे कर्ज काढणारे आईवडील मी पाहतो. पाहुणे काय म्हणतील ही हेरोदाची भीती तेथे मला स्पष्ट दिसते, आणि याविषयी मंडळीने मोकळेपणाने बोलायला हवे असे मला कळकळीने वाटते.

याउलट रविवारच्या उपासनेत, आठवड्यात ज्यांचा वाढदिवस असेल त्यांना पाळक पुढे बोलावतात तो प्रसंग आठवा. एखादे लहान मूल नव्या कपड्यांत, उपकारस्तुतीच्या दानाचे पाकीट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे असते, शेजारी सत्तरी ओलांडलेल्या आजी असतात, आणि दोघांसाठी एकच प्रार्थना होते. आमचे दिवस मोजायला आम्हाला शिकव, असे मोशेच्या नव्वदाव्या स्तोत्रात मागितले आहे, ते तेथे अक्षरशः घडते. आपल्या मुलाला त्या रविवारी अवश्य पुढे पाठवावे.

मेजवानीविषयी प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे, की परतफेड करू शकतील अशांना न बोलावता गरिबांना बोलवावे. आपण मिरजेत राहता. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलापासून पुढे ते गाव रुग्णालयांचेच झाले आणि आजही कर्नाटकातून, खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक रुग्णाच्या उशाशी दिवसेंदिवस बसून असतात. हॉलचा खर्च वाचवून त्यांतल्या काही जणांना, रुग्णालयाची परवानगी घेऊन, मुलाच्या हातून जेवणाचे डबे द्यावेत. दहा वर्षांच्या मुलाला हे पुरेपूर कळते.

आता सासूबाईंचे औक्षण. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापन केला, त्यामागे ख्रिस्ताला आपल्या मातीतल्या रीतीने भजावे ही तळमळ होती, आणि ती मला आजही मोलाची वाटते. आजीने दिवा ओवाळून नातवाच्या डोक्यावर हात ठेवावा आणि प्रभूच्या नावाने आशीर्वाद द्यावा, यात मला मूर्तिपूजा दिसत नाही. दृष्ट काढणे किंवा ग्रह-नक्षत्र पाहून वेळ ठरवणे मात्र त्यात मिसळू देऊ नये. आपल्या पाळकांचे मत याहून कडक असेल तर त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे.

राहिल्या नणंदबाई. कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा विशेष मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खातरी करून घ्यावी, असे पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो. त्याच अध्यायात एकमेकांना तुच्छ लेखू नका आणि दोषही लावू नका, असे दोन्ही पक्षांना बजावले आहे. म्हणून त्यांना आमंत्रण द्यावे, पण केक खाण्याचा आग्रह करू नये. त्या आल्या नाहीत तर त्यावरून घरात कुजबुज होऊ देऊ नये. मुलासमोर पुन्हा पापाची भाषा काढू नये, ही विनंती मात्र आपल्या यजमानांनी भाऊ या नात्याने, वाढदिवसाच्या पुष्कळ आधी आणि मुलगा घरात नसताना, त्यांच्यापाशी करावी.