सात महिन्यांचा मुधोळ कुत्रा हाकेला दाद देत नाही, शेळ्यांमागे धावतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात शेतातच घर आहे, मुधोळहून आणलेला कुत्रा आता सात महिन्यांचा झालाय. अंगणात शहाण्यासारखा वागतो, पण बांध ओलांडला की ऐकत नाही. शेजाऱ्यांच्या शेळ्यांमागे धावला, परत आल्यावर काठीचा मार खाल्ला, आणि आता हाक मारली की दहा पावलांवर येऊन थांबतो, हाताला लागत नाही. महिनाभर ट्रेनरकडे ठेवावा का, असंही विचारलंय.

तुमच्या सगळ्या लिहिण्यात मला ते दहा पावलांवर थांबणं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कुत्रा तुमच्या हाकेवर परत आला आणि आल्या आल्या मार बसला. तुम्ही मारलंत शेळ्यांसाठी, त्यानं तो मार धरला तुमच्याजवळ आल्याबद्दल. एखाद्या कृतीचा परिणाम लगेच, एक-दोन सेकंदांत झाला तरच कुत्र्याला त्याचा संबंध लागतो. शेळ्यांमागचं धावणं तोवर पाच मिनिटं मागे पडलेलं असतं. आमच्या भागात जुनी माणसं म्हणतात, "मारल्याबिगर वळण लागत न्हाई बघ." पुढे असंही म्हणतात की बघा, मान खाली घातली, चूक कळलीय त्याला. कान मागे, शेपटी पोटाखाली, ओठ चाटणं, नजर चुकवणं ही सगळी घाबरल्याची लक्षणं आहेत. पुढच्या वेळी तो शेळ्या टाळणार नाही, तुम्हाला टाळेल. तेच चाललंय.

त्यात जात मुधोळ. लॅब्रॅडॉरची पैदास माणसानं पाडलेला पक्षी आणून हातात देण्यासाठी झाली. मुधोळची झाली ससा दिसताक्षणी, कोणाला न विचारता, सुटण्यासाठी. तो वासापेक्षा नजरेवर चालतो. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली ती शिकारीसाठीच. म्हणून पळणारी शेळी दिसली की तो धावला, यात त्याचा उद्धटपणा नाही. ही जात शिकत नाही असंही कोणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका. 2016 साली भारतीय लष्करानं मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली होती. आणि सात महिने हे वयातच येण्याचे दिवस आहेत. चार महिन्यांचं पिल्लू जे ऐकत होतं ते या वयात ऐकेनासं होतं आणि पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत पुन्हा स्थिरावतं.

आता करायचं काय? आधी जुनी हाक सोडून द्या. ती मारानं खराब झालीय. नवा शब्द निवडा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आपल्या सीमाभागात हा घोळ घरोघरी असतो: आजी "ये" म्हणते, पोरं "कम" म्हणतात, शेतावरचा गडी कन्नडमध्ये "बा" म्हणतो, आणि तिघं एकदम ओरडतात. भाषा कुठलीही चालेल, कुत्र्याला तीन चांगल्या शिकवता येतात, पण नव्यानं शिकवताना शब्द एकच हवा.

तो शब्द अंगणात, तो दोन पावलांवर असताना एकदाच उच्चारायचा आणि लगेच खायला द्यायचं. भाकरीचा तुकडा पुरणार नाही. उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनमिठाच्या शिजवलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे करून ठेवा. (बेळगावची कुंद्याची मिठाई नको, कुत्रा कितीही लाडका असला तरी.) तुकडा लांबून टाकू नका. हात गुडघ्याशी, पायाला चिकटून धरा, म्हणजे खाण्यासाठी त्याला अगदी जवळ यावं लागेल. तो खात असताना दुसऱ्या हातानं हनुवटीखालून पट्टा हलकेच धरा आणि सोडा. वरून डोक्यावर हात नेऊ नका, मार खाल्लेला कुत्रा तिथेच बिचकतो. पट्टा धरणं आणि तोंडात घास ही जोडी बसली की ती दहा पावलं आपोआप कमी होतात.

आणि खाऊन झालं की "जा" म्हणून मोकळं सोडा. हे लोक विसरतात. जवळ गेलं की बांधतात, आंघोळ घालतात, औषध पाजतात, असं झालं तर कोण येईल? यातलं काही करायचं असेल तर हाक मारू नका, स्वतः चालत जाऊन त्याला आणा. उशिरा आला तरी कौतुकच करायचं. राग गिळावा लागतो, हे मला माहीत आहे.

हे आठवडाभर नीट झालं की शेतात जा, पण मोकळा नाही. बैलाचा कासरा चालतो, त्याला जोडून लांब केला तर उत्तम. मात्र तो गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका. मुधोळ काही पावलांत पूर्ण वेग घेतो आणि दोरी संपली की सगळा हिसका त्या लांब, बारीक मानेवर बसतो. छातीवरून येणारा हार्नेस घ्या. साधा पट्टा तसाही त्याच्या निमुळत्या डोक्यावरून निसटतो. कासरा हाताला गुंडाळायचा नाही, हात सोलून निघतो.

शेळ्यांचा सराव लांबून. किती लांबून, ते कुत्राच सांगतो: शेळ्या दिसत असूनही हातातला घास खातोय, तर अंतर बरोबर. अंडं समोर धरूनही तोंड फिरवतोय, तर तुम्ही फार जवळ आलात, मागे या. त्याच्याकडे बारीक लक्ष ठेवा. शेळी दिसली की आधी तो नुसता बघतो, कान सैल असतात. मग तोंड मिटतं, कान पुढे येतात, मान थोडी खाली जाते आणि सगळं अंग ताठ होतं. हाक मारायची ती तोंड मिटतं तेव्हा. अंग ताठ झाल्यावर ती त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि सुटल्यावर ओरडणं म्हणजे हाक न ऐकण्याचाच सराव देणं. तेव्हा कासरा धरा आणि शांतपणे अंतर वाढवा. आमच्या मुधोळ कुत्रीचं हे तोंड मिटणं मला ओळखू यायला लागलं, तेव्हापासून तिला बोलावणं सोपं झालं.

एकदा जरी शेळ्यांमागे मनसोक्त धावला तर ते धावणंच त्याचं बक्षीस होतं, तुमच्या अंड्यापेक्षा मोठं. म्हणून ती संधीच मिळू द्यायची नाही, पण धावण्याची भूक भागवायची. लांब काठीला दोरी, दोरीला चिंधी बांधा आणि रोज सकाळी ऊन चढायच्या आत थोडा वेळ त्यामागे पळवा. मध्येच चिंधी थांबवून "सोड" शिकवा, सोडली की पुन्हा पळवा. धावण्याची हौस तुमच्याबरोबर फिटायला लागली की तो शेतातही तुमच्याकडे वळून बघायला लागतो.

सुगीनंतर धनगर खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, त्या दिवसांत त्याला कासऱ्याशिवाय बाहेर काढूच नका. भीमगड अभयारण्याच्या बाजूला घर असेल तर मोकळं फिरवणं कायमचं विसरा. तिथं वन्यप्राण्यांमागे कुत्रा लागणं हा त्यांच्या जिवाला ताप आहे, कायद्याचाही प्रश्न आहे. आणि बिबट्यासाठी कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये बिबट्या बेळगाव शहरातच फिरत होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, खानापूरचं तर बोलायलाच नको. रात्री तो घरात किंवा बंद गोठ्यात हवा. रेबीजची लस झाली नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात याच आठवड्यात घेऊन जा आणि दरवर्षी द्या.

ट्रेनरबद्दल: महिनाभर दुसरीकडे ठेवू नका. तिथं तो ट्रेनरचं ऐकायला शिकेल, पण तुमच्या हाताची भीती घरी आल्यावर तशीच राहील. घरी येऊन तुम्हाला शिकवणारा कोणी मिळाला तर जरूर बोलवा. त्याला आधी एकच विचारा, कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता? गळा आवळणारी साखळी किंवा विजेचा पट्टा असं उत्तर आलं तर नमस्कार करून वाटेला लावा. अंतर वाढवतो, सोपं करून पुन्हा घेतो, असं म्हणाला तर अंगणातला सराव झाल्यावर शेजाऱ्यांच्या शेळ्यांचा लांबूनचा सराव त्याच्याबरोबर करा. त्या शेजाऱ्यांशी मात्र आधी तुम्ही स्वतः जाऊन बोला, सरावाला त्यांच्याच शेळ्या लागणार आहेत.