लेक दिवसभर एआयशी बोलून ट्रेनिंग बनवते, हे खरं काम आहे का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. नाशिकच्या सिडकोतल्या घरात लेक लॅपटॉपला प्रश्न विचारत बसलीये आणि तासाभरात कंपनीच्या ट्रेनिंगच्या स्लाइड तयार, हे बघून कुठल्याही आईला वाटणारच की हे काम आहे का फसवाफसवी. तुम्ही लिहिलंय की ती बीएस्सी बीएड आहे, अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या ट्रेनिंग डिपार्टमेंटला लागलीये, नवीन कामगारांसाठी मशीनचं आणि सेफ्टीचं मटेरियल बनवते, साहेब खूश आहेत, पण उद्या हे सगळं कॉम्प्युटरच करायला लागला तर काय, म्हणून एमपीएससीचा फॉर्म भरायला लावू का, आणि एआयच्या कोर्सची फी भरू का असं विचारलंय.

फसवाफसवीचं आधी बघू. एआयकडून कच्चा मसुदा काढून घेतला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो न तपासता पुढे ढकलला तर भोगायचं पेठ-सुरगाण्याहून येऊन पहिल्यांदा मशीनवर उभ्या राहिलेल्या पोराला.

एक उदाहरण देतो. ड्रिलिंग मशीनच्या सेफ्टीचं चित्र एआयला मागितलं की ते गॉगल, सेफ्टी शूज आणि हातात जाड ग्लोव्हज घातलेला कामगार काढून देऊ शकतं, आणि बघणाऱ्याला वाटतं वा, सगळं आलं. पण फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर ग्लोव्हज घालायचेच नसतात, कापड अडकलं की हातच आत ओढला जातो. शॉपफ्लोअरवरचा कुठलाही जुना ऑपरेटर चित्र बघून लगेच सांगेल की हे फाडून टाक. म्हणून मुलीला सांगा, प्रत्येक स्लाइड घेऊन खाली जायचं, ऑपरेटरला आणि सेफ्टी ऑफिसरला दाखवायची, ते जे बोलतील ते लिहून घ्यायचं, आणि शेवटच्या पानावर कुठला भाग एआयकडून काढला, कोणी तपासला आणि कधी, हे सरळ छापायचं. साहेब नको म्हणाले तरी स्वतःच्या फाइलमध्ये तरी ठेवायचं.

कायद्याचंही तसंच आहे. दुरुस्तीआधी मशीन बंद करून कुलूप लावायची पद्धत विचारली की एआय अमेरिकेतल्या ओशाचे, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी खात्याचे, नियम बिनधास्त सांगून टाकेल, ते माहिती म्हणून चांगले आहेत पण आपल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला त्याचं काय! किंवा मग १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट सांगेल, आणि आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, फॅक्टरी अ‍ॅक्ट त्यातल्या सेफ्टीच्या कोडमध्ये गेला. जुन्या माहितीवर शिकलेल्या टूलला हे ठाऊक असेलच असं नाही, त्यामुळे कलम नंबर दिसला की मूळ कागद उघडून बघायचा, नाही सापडला तर ओळ काढून टाकायची.

आता ज्या गोष्टीने नोकरी खरंच जाऊ शकते ती. कस्टमरचं ड्रॉइंग, कंपनीची एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत), कामगारांची नावं, आधार नंबर, टेस्टचे मार्क, यातलं काहीही फुकटच्या टूलमध्ये पेस्ट करायचं नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या लोकांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने अशा टूल्सवर बंदीच आणली. लोकांच्या वैयक्तिक माहितीसाठी आपल्याकडे २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदाही आहे. कुठलं टूल चालेल आणि त्यात काय टाकायचं हे तिने आयटीवाल्यांकडून मेलवर मागून घ्यावं, तोंडी नको.

आणि प्रश्नपत्रिका! एआयने काढलेले प्रश्न बघा, बऱ्याचदा सगळ्यात लांब पर्याय बरोबर असतो, पोरं न वाचता पास होतात. बीएडवाली मुलगी हे ओळखेल की. तिने शिफ्टचं नियर-मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर मागावं आणि त्यातून प्रश्न काढावेत, म्हणजे पार्ट अडकलाय, सुपरवायझर जेवायला गेलाय, टार्गेट राहिलंय, आता काय करशील? हे रजिस्टर एआयने पाहिलेलंच नाही. किर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या, लोकांना आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि कंपनीला फरक पडला का. बहुतेक जण पहिल्या पायरीवर फीडबॅक फॉर्म भरून चहा पिऊन घरी जातात. तुमची मुलगी तिसऱ्या पायरीपर्यंत गेली, म्हणजे ट्रेनिंगनंतर महिनाभराने मशीनपाशी उभं राहून कोण काय करतंय ते बघायला लागली, तर तिला काढायचा विचार साहेब सहज करणार नाहीत. नुसत्या स्लाइड बनवणाऱ्यांबद्दल मी अशी खात्री देणार नाही, ते काम खरंच कमी होतंय.

एमपीएससीचं तिला हवं असेल तर भरू दे, तुमच्या भीतीपोटी नको. पुढे जायचं तर कॉम्प्युटरवरचं ट्रेनिंग बनवायचं स्टोरीलाइन किंवा फुकटचं एचफाइव्हपी हे सॉफ्टवेअर शिकावं, आणि मुक्त विद्यापीठाची स्वयंअध्ययनाची पुस्तकं चाळावीत, हे विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, समोर मास्तर नसताना माणसाला कसं शिकवायचं ते त्यात कळतं. दुसऱ्या कंपनीत दाखवायला नमुना हवा तर आत्ताच्या कंपनीचं मटेरियल उचलायचं नाही, दिंडोरी-पिंपळगावकडच्या एखाद्या द्राक्षाच्या पॅकहाउसवाल्याची परवानगी काढून ग्रेडिंगचं छोटं ट्रेनिंग स्वतः बनवायचं.

क्लासचं म्हणाल तर फी भरायच्या आधी शिकवणाऱ्याला विचारा की तुम्ही स्वतः कुठल्या कामगारांसाठी ट्रेनिंग बनवलंय, एक नमुना दाखवा. नुसतं सर्टिफिकेटच दाखवलं तर पैसे बँकेतच राहू द्या.