कोल्हापुरात एक मोकळा दिवस: रिक्षा सोडा, घड्याळ सांभाळा

तुमचा प्रश्न असा की ऑफिसच्या कामाला कोल्हापूरला येताय, एक दिवस मोकळा मिळतोय, अंबाबाई, रंकाळा आणि न्यू पॅलेस मागच्या खेपेला झालंय, तर नुसतं गावात भटकून दिवस जाईल का? लोक पन्हाळा नाहीतर जोतिबा सुचवतील. पण तुम्ही गाव म्हणालात, म्हणून गावाचंच सांगतो. माझा जन्म शिवाजी पेठेतला, पन्नाशी उलटली तरी रोज संध्याकाळी पाय तिकडंच वळतात.

पहिली गोष्ट, रिक्षा करू नका. जुनं गाव लहान आहे. बिंदू चौकातून सरळ निघालात तर वीस-पंचवीस मिनिटांत गंगावेशीला पोचाल. पण इथं एकच रस्ता सकाळी वेगळा आणि रात्री वेगळा असतो, त्यामुळं कुठं जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे महत्त्वाचं.

पहाटे उठवत असेल तर साडेपाच-सहाला एखादी तालीम गाठा. मोतीबाग किंवा गंगावेश, कुठलीही चालेल. चपला बाहेर काढा, वस्तादांना नमस्कार करा, फोटोचं आधी विचारा आणि कडेला गप्प बसा. हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या, मातीत पाय घालू नका, ती माती पोरं कपाळाला लावतात. तेल, हळद, ताक असं काय काय घालून मुरवलेली असते, त्या ओलसर वासानंच निम्मी झोप उडते. कुणी चकार शब्द बोलत नाही. फक्त मांडीवर मारलेला शड्डू आणि जोर काढताना सुटणारा श्वास. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, खेड्यातून आलेलं, खोलीवर स्वतःच स्वयंपाक करून राहणारं, दोन तास घाम गाळून बाहेर येतं आणि बदाम वाटायला बसतं. थंडाई ती हीच.

तिथून मिसळ. कुठली चांगली यावर मी लिहिणार नाही, घरात भांडणं आहेत त्यावरून. एवढंच सांगतो, इथं बरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात आणि वरच्या लाल रश्शाला कट म्हणतात. 'कट वाढा' म्हणालात की पावणं नवखं नाही हे कळतं.

मग बिंदू चौक. गावाला कोट होता तेव्हाचे बुरूज तिथं अजून दिसतात. कोट गेला, वेशी गेल्या, नावं तेवढी राहिली: गंगावेश, रंकाळा वेश, शनिवार वेस. तीन रस्ते मिळतात ती तिकटी. पापाची तिकटी कुठली आणि मिरजकर तिकटी कुठली एवढं डोक्यात बसलं की तुम्ही चुकायचा नाही. याच बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत. 9 डिसेंबर 1950 ला, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवलेले. समाजसुधारक भाई माधवराव बागलांचं हे काम. येणारी-जाणारी माणसं वाहनावरून न उतरता नुसता हात छातीशी नेऊन पुढं जातात, ते बघत पाच मिनिटं थांबा.

दुपारी खासबाग, कुस्तीचं मैदान. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोमचा आखाडा बघून आले आणि 1912 मध्ये हे मैदान उभं राहिलं. आत जाऊन वरच्या कडेला बसा. मधला हौद खाली आणि बसायची जागा चढत गेलेली, मध्ये खांब नाही, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पट काढलेला, म्हणजे पाय धरून टाकलेला डाव, दिसतो. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह, मूळचं 1915 चं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री तिथं उभं राहून रडणारी मोठी माणसं मी बघितलीत. आणखी लिहीत नाही. मैदानाबाहेरची भेळ मात्र सोडू नका.

चप्पल घ्यायची असेल तर शिवाजी चौकाजवळ चप्पल लाइन आहे. 2019 मध्ये कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं आणि 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत तसलीच चप्पल दिसल्यावर गावभर चर्चा झाली. त्यानंतर प्रत्येक दुकानदार पाच मिनिटं यावर बोलतो, ऐकून घ्या. मग चप्पल उलटी करून बघा. खिळा नसतो, शिवण चामड्याच्याच वादीची असते. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, त्याचा वास नाकाला कळतो. रेक्झिन असलं तर तेही नाकालाच कळतं. मी कॉलेजात असताना नवी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) घालून त्याच दिवशी जोतिबा चढलो होतो. परतताना चपला हातात आणि दोन्ही अंगठ्यांना फोड. तेव्हा नवी चप्पल आधी तेल लावून ठेवा, घरात चार दिवस घाला, आणि त्या दिवशी फिरायला तुमचे बूटच बरे.

हिवाळ्यानंतरच्या दिवसांत येत असाल तर शाहू स्टेडियमवर मॅच आहे का विचारा. कुस्तीचं गाव म्हणतात, पण फुटबॉलचं वेड तितकंच आहे, आणि संघ तालमींचेच: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पेठेपेठेत ईर्ष्या. वर्ल्ड कपला तर गल्ल्या ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात, त्यावरून जेवणखाण बंद झालेली भावंडं माझ्या ओळखीत आहेत.

संध्याकाळी महाद्वार रोड. गर्दीला वैतागू नका, गर्दीच बघायची आहे. कुंकवाचे ढीग, वेण्या, साज, बांगड्या, आणि मधूनच गुजरीकडं, म्हणजे सराफ बाजाराकडं, वळणारी लग्नाची मंडळी. 9 ते 11 नोव्हेंबर किंवा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी यांत आलात तर मावळतीला देवळाकडं चला. अंबाबाई पश्चिमेकडं तोंड करून आहे, आणि त्या दिवसांत मावळता सूर्य महाद्वारातून आत येतो: पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीशी, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले किंवा किरणांच्या वाटेत एखादी इमारत आडवी आली तर हुकतो, त्यावर गावात दरवर्षी वाद.

शेवटी पापाच्या तिकटीवरून, कुंभार गल्ली बघत, गंगावेशीचा दूध कट्टा. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात, तुमच्या समोर धार काढतात आणि फेसाळ पेला थेट हातात देतात, अजून कोमट असलेला. कच्चं दूध सोसत नसेल तर घेऊ नका, नुसते उभे राहा. मी स्वतः आता अर्धाच पेला घेतो. म्हशीवाला पोरगा विचारेल, 'पावणं, लहान का मोठा?' मोठा म्हणालात तर पेला रिकामा होईपर्यंत तो तुमच्याकडंच बघत राहतो.

कुठल्या महिन्यात येताय ते कळवा, मॅच नाहीतर कुस्तीचं मैदान असलं तर सांगतो.