पहिलीच फाइल शेवटची समजून कर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जर्मनीतल्या कंपनीकडून ऑफर लेटर आले आहे आणि आता व्हिसा म्हणजे फक्त सोपस्कार उरला, असे तुला सगळे जण सांगत आहेत, हे वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. आनंद नोकरीचा आहे, काळजी त्या ‘फक्त’ची आहे. कंपनीने तुझ्याशी तीन वेळा बोलून तुझी पारख केली. व्हिसाचा निर्णय देणारा अधिकारी मात्र तुझ्याशी फार तर दहा मिनिटे बोलेल, कदाचित बोलणारही नाही, आणि त्याच्यापुढे असतील ते फक्त कागद. त्यामुळे तू किती हुशार आहेस यापेक्षा तुझे कागद एकमेकांशी किती जुळतात, यावर तुझा अर्ज उभा राहणार आहे.

माझ्या वेळी वकिलातीने अर्ज फेटाळला, तर त्याच वकिलातीकडे लेखी फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय सर्वत्र बंद केली आहे. आता नकार आला तर दोनच वाटा उरतात : नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागणे. दोन्हींत वेळ जातो, आणि कंपनी तेवढा काळ जागा रिकामी ठेवेलच असे नाही. ‘राहिलेले कागद नंतर देऊ’ हा विचार म्हणूनच मनातून काढून टाक आणि पहिलीच फाइल शेवटची समजून तयार कर.

तुला ज्या परवान्यासाठी अर्ज करायचा आहे ते युरोपीय संघाचे ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांसाठीचा राहण्याचा आणि नोकरीचा परवाना, जर्मनीत ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाले. त्याच्या अटी ऐकायला सोप्या आहेत : मान्यताप्राप्त पदवी, त्या पदवीच्या दर्जाला साजेसे काम, किमान सहा महिन्यांचा करार आणि ठरावीक मर्यादेइतका किंवा त्याहून जास्त वार्षिक पगार. ही मर्यादा निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी ज्या कमाल उत्पन्नावर आकारली जाते त्याला बांधलेली असल्यामुळे दरवर्षी जानेवारीत बदलते. मी अर्ज केला त्या २०१४ साली ती त्या उत्पन्नाच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४७,६०० युरो होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये कायदा बदलला आणि ते प्रमाण निम्म्यावर आले, त्यामुळे दहा वर्षांनंतरची २०२४ ची मर्यादा ४५,३०० युरो, म्हणजे माझ्या वेळेपेक्षा कमीच होती. २०२६ साठी ती ५०,७०० युरो आहे. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना, ज्यांत तुझे संगणक क्षेत्रही येते, आणि गेल्या तीन वर्षांत पदवी मिळवलेल्यांना ४५,९३४.२० युरो पुरतात. मात्र खालच्या मर्यादेने जाणाऱ्याला संघराज्याच्या रोजगार संस्थेची संमती लागते. ती संस्था केवळ आकडा पाहत नाही. तसेच काम करणाऱ्या तिथल्या माणसाच्या तुलनेत तुला कमी पगारावर किंवा वाईट अटींवर राबवले जाणार नाही ना, हेही पाहते. तिची तपासणी तुला अडथळा वाटेल, पण ती तुझ्याच बाजूची आहे.

पगाराच्या आकड्याबद्दल माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगते, कारण तीच चूक तुझ्या करारात असण्याची मला भीती आहे. माझा विषय अर्थशास्त्र असल्यामुळे मला वरचीच मर्यादा लागू होती. करारात ४५,००० युरो निश्चित पगार आणि वर्षअखेरीस ४,००० युरो बोनस असे लिहिले होते. मी दोन्हींची बेरीज केली, ती मर्यादेच्या वर गेली आणि मी निर्धास्त झाले. वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंनी करार उलटवून पगाराचे पान काढले, बोनसच्या वाक्यातल्या एका शब्दाखाली पेन्सिलने बारीक रेघ ओढली आणि कागद फिरवून माझ्यापुढे धरला. तो शब्द होता ‘पर्यंत’. चार हजार युरोपर्यंत बोनस. हमी नसलेली रक्कम पगारात धरता येत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. माझा अर्ज त्यांनी फेटाळला नाही, हे त्यांचे सौजन्य. दुरुस्त करार आणायला मुदत दिली. पण कंपनीला त्या एका वाक्यासाठी पाच आठवडे लागले, आणि मी आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊन बसले होते. ते पाच आठवडे मी अजून विसरलेले नाही. तुझ्या पारपत्रावर व्हिसा उमटेपर्यंत सध्याची नोकरी सोडू नकोस आणि राहत्या घराची नोटीसही देऊ नकोस.

आता पदवी. अनाबिन नावाची जर्मन माहितीसूची इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते. तिच्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्या लागतात आणि बहुतेकांची चूक इथेच होते. आधी संस्था शोधायची : नावापुढे ‘एच अधिक’ असे चिन्ह असेल तर संस्था मान्य, ‘एच अधिक-उणे’ असेल तर काही पदव्या मान्य आणि काही नाहीत. शोधताना तू शिकलास त्या महाविद्यालयाचे नाव घालून चालणार नाही. तुझ्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाची मोहोर आहे त्याचे नाव घाल. त्यानंतर पदवी शोधायची, तिच्या नेमक्या नावाने, आणि ती जर्मन पदवीच्या तोडीची मानली आहे का ते पाहायचे. दोन्ही पाने अनुकूल असतील तर दोन्ही छापून फाइलला लाव. यांतले एखादे जरी पान सापडत नसेल किंवा शेरा संदिग्ध असेल, तर ‘अधिकारी समजून घेईल’ या भरवशावर राहू नकोस; बॉन येथील परदेशी शिक्षणाच्या केंद्रीय कार्यालयाकडून तुल्यतेचे निवेदन मागव. त्याचे शुल्क २०८ युरो आहे. एकदा मिळालेले निवेदन पुढेही उपयोगी पडते, म्हणून हा खर्च वाया जात नाही.

तुझी पदवी यंत्र अभियांत्रिकीची आणि काम सॉफ्टवेअरचे, म्हणून तू धास्तावला आहेस. इथे थोडा दिलासा देते. आताच्या कायद्यानुसार काम पदवीच्या दर्जाला साजेसे असावे लागते. विषय तंतोतंत तोच असण्याचा आग्रह पूर्वीइतका राहिलेला नाही. याला अपवाद डॉक्टरांसारख्या नियमनाखालच्या व्यवसायांचा, ज्यांना व्यवसाय करण्याची वेगळी परवानगी लागते. पण ‘दर्जाला साजेसे’ हे कागदावर दिसले पाहिजे. नोकरीसंबंधीची जी घोषणा कंपनी भरून देते, तिच्यात कामाचे वर्णन असते आणि मनुष्यबळ विभागातला कोणीतरी घाईत ‘टीमला मदत करणे, चाचण्या चालवणे’ एवढेच लिहून मोकळा होतो. असे वर्णन वाचून या कामाला पदवीधर कशाला हवा, असा प्रश्न कोणालाही पडेल. तू प्रत्यक्षात यंत्रांच्या नियंत्रण प्रणालीचा आराखडा करणार आहेस, तिच्या सुरक्षिततेचे निकष ठरवणार आहेस. मग तेच तिथे लिहिलेले असू दे. वरिष्ठांना नम्रपणे पत्र लिहून वर्णन दुरुस्त करून घे. मात्र जे काम तू करणार नाहीस ते त्यात घुसवू नकोस. अनुभवाची पत्रे ‘थोडी वाढवून’ देणारे लोक तुला भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. खोटी माहिती उघड झाली तर हा व्हिसा तर जातोच, शिवाय पुढच्या प्रत्येक अर्जावर तिची सावली पडते.

नावाचेही बघ. पदवीपत्रावर नावाचे तीन भाग, पारपत्रावर दोन आणि करारावर तिसराच क्रम, असे सर्रास घडते. पारपत्रावर जसे आहे तसेच नाव करारात आणि अर्जात हवे. जुन्या कागदांवर वेगळे असेल तर ती एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच जोड.

राष्ट्रीय व्हिसाचे, म्हणजे तुला लागणाऱ्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे, शुल्क ७५ युरो आहे. जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो, त्यानंतर बोटांचे ठसे देण्यासाठी प्रत्यक्ष जावे लागते. हे सगळे तुझे तुला करता येण्याजोगे आहे. कंपनीला घाई असेल तर तिला जलद प्रक्रियेची वाट सुचव. त्यात कंपनी तुझ्याकडून अधिकारपत्र घेते आणि तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून पूर्वसंमती मिळवते. त्यानंतर वकिलातीला तीन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ द्यावी लागते आणि पूर्ण अर्ज आल्यावर साधारण तितक्याच काळात निर्णय करावा लागतो. ही वाट फक्त कंपनीलाच उघडता येते. तेव्हा ‘आम्ही तुम्हाला लवकरची तारीख मिळवून देतो’ असे म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक पैसाही देऊ नकोस.

मालकाबद्दलचे तुझे भय मला कळते. ‘व्हिसा त्यांच्या हातात, मग मी त्यांचा बांधील’ असे तू लिहिले आहेस. हे अर्धेच खरे आहे. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर परकीय नागरिक कार्यालयाला कळवावे लागते आणि ते कार्यालय तीस दिवसांपर्यंत बदल रोखून तपासणी करू शकते. त्यानंतर हे बंधन उरत नाही. नोकरी मुदतीआधी संपली तर मात्र दोन आठवड्यांच्या आत तू स्वतः कळवायचे आहेस. लाजेने किंवा भीतीने गप्प बसलेली माणसे मी पाहिली आहेत. नोकरी गेल्यापेक्षा न कळवल्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. पगार थकला, जादा तास लादले, तर ‘फेअर इंटिग्रेशन’ या नावाने चालणारी सल्ला केंद्रे परदेशातून आलेल्या कामगारांना मोफत मार्गदर्शन करतात. हे नाव आजच लिहून ठेव. अडचणीत सापडल्यावर माणसाला शोधाशोध सुचत नाही.

भाषेविषयी तू विचारलेस. ब्लू कार्डासाठी जर्मन भाषेची अट नाही, आणि तुझ्या पत्नीलाही सोबत येण्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. शिवाय तिला पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करता येते. तरीही तू आजपासून शिकायला लाग. कायम वास्तव्याचा परवाना ब्लू कार्डधारकाला ए-१ या अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ या मध्यम पातळीवर २१ महिन्यांनी. अर्थात तितके महिने निवृत्तिवेतनाची वर्गणी भरलेली असली पाहिजे. ते सहा महिने तुला केवळ अभ्यासाने कमावता येतात. तो परवाना हाती आला की मालक बदलला, मंदी आली, तरी तुझे तिथले राहणे डळमळत नाही. तू ज्याला भितोस त्यावरचा खरा उपाय हाच आहे.

तिथे पोहोचल्यावर राहत्या पत्त्याची नोंद दोन आठवड्यांत करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते देणार का, हे घर ठरवण्याआधी विचार. त्या नोंदीवाचून पुढचे बरेचसे अडते. प्रत्यक्ष ब्लू कार्ड घेण्यासाठी परकीय नागरिक कार्यालयाची तारीख मिळायला मोठ्या शहरांत विलंब होतो, म्हणून पत्त्याची नोंद झाली त्याच आठवड्यात तारीख माग आणि व्हिसाची मुदत कधी संपते ते विसरू नकोस.

करारावर अजून सही केली नसशील तर करू नकोस. आधी त्याचे पगाराचे पान आणि कामाच्या वर्णनाचा मसुदा, एवढे दोनच कागद मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी आहे, आपण फोनवर ओळ न् ओळ वाचू. तोपर्यंत अनाबिनची दोन्ही पाने काढून ठेव.

कळावे. लोभ आहेच.